कोऱ्या भिंतीतली धग

आबांचा मित्र मिशांमुळे कर्नल म्हणून ओळखला जायचा. एरवी बंदुकीशी त्याचा संबंध शून्य. त्याच्या बैठकीच्या भिंतीला ओल धरली होती आणि पलीकडच्या बाथरूमच्या फरशा उखडायचं त्याने मनावर घेतलं होतं.

"थांब, आमच्या सूनबाईला आणतो," आबा म्हणाले.

सून उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्याने इमारती तपासायची. तिचं काम आबांनी आजवर कधी पाहिलं नव्हतं.

तिने कर्नलच्या भिंतीवर कॅमेरा रोखला. पडद्यावर ओल गडद निळी उमटली. "ओल सुकताना भिंत गार पडते, आबा," ती म्हणाली. निळा पट्टा बाथरूमकडे गेलाच नव्हता; तो सरळ खिडकीला जाऊन भिडला होता. "काका, फरशांना हात लावू नका. पाणी चौकटीच्या फटीतून येतंय." कर्नलचा जीव भांड्यात पडला.

आबा निघायला उठले, पण ती बाकीच्या खोल्यांवरून कॅमेरा फिरवत होती, म्हणून तेही मागोमाग गेले. कर्नलच्या नातीच्या खोलीत ती थबकली. पलंगाच्या उशाशी, कोऱ्या भिंतीवर, एक उबदार पिवळा ठिपका होता, आणि त्याच्यालगत पंज्याचा ठसा.

"आबा, तुम्ही इथे हात टेकला होता का?"

"टेकला असेन बुवा."

"मग थांबू या."

आबांच्या पंज्याचा ठसा पडद्यावर हळूहळू विरून गेला. ठिपका मात्र होता तिथेच.

"काका, गीझर चालू आहे?"

"हो, मघाशीच लावला."

"मेन स्विच बंद करा. आधी बंद करा!"

घरात कधी आवाज न चढवणारी सून अशी कडाडली की कर्नल खरोखरच पलटणीतल्यासारखा धावला.

इलेक्ट्रिशियनने तिथलं प्लॅस्टर फोडलं. आत कुणीतरी कधीकाळी बुजवून टाकलेला गीझरच्या वायरींचा जोड होता. वरचं प्लॅस्टिक वितळलेलं, जोडाची डबी काळीठिक्कर. "पेटायचंच बाकी होतं," तो म्हणाला.

कर्नल नातीच्या उशीकडे बघत मटकन खालीच बसला. नशिबाने नात तेव्हा शाळेत होती.

"तुला आतलं कसं गं दिसलं?" आबांनी विचारलं.

"आतलं दिसत नाही, आबा. वरची ऊबच दिसते. ती तिथे का असावी, एवढंच कळेना, म्हणून हलले नाही."

आबांनी कर्नलला हाताला धरून उठवलं आणि दोघा म्हाताऱ्यांनी मिळून पलंग खिडकीकडे सरकवला.