दुसरा ब्रेक

"गप्प बसून गाडी चालवायची नाही. दिसेल ते बोल," मास्तर म्हणाले.

"डावीकडे व्हॅन उभी आहे. आत माणूस आहे, दार उघडेल," म्हणत लेकीने गाडी हातभर बाजूला घेतली.

मास्तर अठ्ठावीस वर्षे गाडी शिकवत होते. समोरचा चुकणारच, असे धरून चालायचे, हा त्यांचा पहिला धडा. पुढची गाडी खांबाजवळून गेली की आपण तिथे पोहोचेपर्यंत तीन सेकंद मोजून व्हायलाच हवेत, हा दुसरा. स्वयंपाकघरातून बाहेर येतानाही हे दोन्हीकडे बघतात, असे बायको पाहुण्यांना सांगायची.

आजपासून लेक इस्पितळात नर्स म्हणून रुजू होणार होती. हमरस्त्याने चाळीस किलोमीटर जायचे आणि तेवढेच परत यायचे. पहिल्या दिवशी मास्तर सोबत जाणार, असे घरात ठरले होते. गाडी घरचीच होती. शिकवण्याच्या गाडीत मास्तरांच्या पायाशी असतो, तो दुसरा ब्रेक तिला नव्हता.

त्या दुसऱ्या ब्रेकचीच धास्ती मास्तरांनी दोन वर्षांपासून घेतली होती. त्यांच्याकडे शिकलेली एक शिवणकाम करणारी बाई पहिल्याच परीक्षेत पास झाली आणि चौथ्या दिवशी उभ्या ट्रकवर जाऊन आदळली. मास्तर तिला बघायला गेले. पायाला प्लास्टर होते. तक्रारीचा सूर जराही न लावता ती म्हणाली, "ट्रक दिसला होता मास्तर. पण वाटलं, तुम्ही दाबाल."

हे त्यांनी घरी कुणाला सांगितले नव्हते. शिकणाऱ्याचा पाय हलायच्या आत आपला पाय किती वेळा पडला असेल? गाडी स्वतःच थांबवली, असे समजून किती शिकाऊ रस्त्यावर गेले असतील? आणि लेकही त्याच गाडीत शिकली होती.

पुढे थांब्यावर बस उभी होती. लेक बोलायची थांबली. 'बोल' म्हणायला मास्तरांनी तोंड उघडले, तोच बसच्या पुढून एक सायकल आडवी आली. मास्तरांचा उजवा पाय पायपुसण्यावर जोरात आपटला. गाडी कचकन थांबली. सायकलवाला मागे न बघता निघून गेला.

"बसखालून चाक दिसलं होतं, बोलायला वेळच मिळाला नाही," लेक म्हणाली. मग तिची नजर त्यांच्या पायाकडे गेली. "बाबा, तिथे ब्रेक नाहीये."

"माहीत आहे." मास्तरांनी पाय मागे घेतला. "खरं सांग. आधी तू दाबलास, की माझा पाय आपटला म्हणून दाबलास?"

तिने विचार केला. खोटे बोलायची तिला सवय नव्हती.

"नाही सांगता येत, बाबा."

हमरस्त्याच्या वळणाआधी मास्तरांनी तिला गाडी कडेला घ्यायला लावली आणि ते उतरले.

"अहो बाबा, इस्पितळापर्यंत येणार होतात ना?"

"मी शेजारी बसलो तर आधी कुणाचा पाय पडतो, ते कधीच कळणार नाही." त्यांनी त्या शिवणकाम करणाऱ्या बाईची गोष्ट सांगितली, दोन वाक्यांत. "शेजारची सीट रिकामी आहे, एवढं लक्षात ठेव. पोचलीस की फोन कर. चालवताना नको."

तिने आरसा पाहिला, मान वळवून मागे पाहिले आणि गाडी काढली. मास्तर फूटपाथवर उभे राहून बघत होते. तिच्या पुढे एक ट्रक होता. मास्तर ओठातल्या ओठात मोजू लागले. एक. दोन. ट्रकने दिवा न दाखवताच वेग कमी केला.

मास्तरांचा पाय फरशीवर दाबला गेला.

तोवर तिच्या गाडीमागचे लाल दिवे लागलेले होते.

मग ते विझले. गाडी ट्रकच्या मागून अंतर राखून वळली आणि दिसेनाशी झाली. फरशीवर दाबलेला पाय मास्तरांनी बऱ्याच वेळाने उचलला.