बारा खिडक्या आणि एक वाटी

जनार्दन दिघ्यांना आयुष्यात एकाच गोष्टीची चीड होती, ती म्हणजे गळती. एकतीस वर्षं रिफायनरीत पाइपांच्या जोडांवर साबणाचं पाणी शिंपडून त्यांनी बुडबुडे शोधले होते. निवृत्त झाल्यावर साबणाची बाटली सुटली आणि तिची जागा उदबत्तीनं घेतली. पेटती उदबत्ती खिडकीच्या कडेकडेनं फिरवायची. धूर सरळ वर गेला तर खिडकी गुणाची, वाकला तर गळकी. बडोद्याच्या नागरवाड्यातल्या घरात धूर इतका वाकायचा की नवख्या पाहुण्याला वाटावं, माणूस मोठा देवभक्त, पण देवावर भारी रागावलेला.

गावातल्याच अकोटा भागात नवं घर बांधायचं जेव्हा ठरलं, तेव्हा जनार्दनरावांनी पहिल्याच दिवशी जाहीर केलं, "घर असं बांधीन की आतली गार हवा बाहेर नाही आणि बाहेरची झळ आत नाही." घराच्या विजेची उधळपट्टी तपासणारी एक संस्था होती. ती चांगल्या घरांना फाटकावर लावायला पितळी पाटी देत असे, आणि पाटीवर पानं कोरलेली असत. त्यांचे जुने सहकारी विश्वासराव यांच्या फाटकावर चार पानं होती. जनार्दनरावांना पाच हवी होती. आता पाचव्या पानानं उन्हाळा कितीसा कमी होतो, हे विचारू नका. विश्वासरावांपेक्षा एक जास्त, एवढं पुरेसं होतं.

सुनेत्राबाईंना पानांशी काही देणंघेणं नव्हतं. खरं तर अकोट्याचा प्लॉट घ्यायला लावला तो त्यांनीच, आणि त्याला कारण होत्या रसीलाबेन. नागरवाड्यात बावीस वर्षं दोघींची स्वयंपाकघरं समोरासमोर होती. मधली गल्ली इतकी अरुंद, की हात लांबवला की आडव्या गजांमधून वाटी पलीकडे जायची. इकडून आमटी गेली की तिकडून कढी यायची. वाटीबरोबर सुखदुःखंही जायची-यायची. सुनेत्राबाईंची आई गेली तेव्हा तेरा दिवस त्या खिडकीतून आलेलं जेवणच घरात चाललं होतं. मग रसीलाबेनच्या मुलानं अकोट्यात घर बांधलं आणि समोरची खिडकी बंद झाली. वर्षभर सुनेत्राबाई ओट्यापाशी उभ्या राहून एका बंद झडपेकडे बघत भाकऱ्या थापत होत्या. तेवढ्यात रसीलाबेनच्या शेजारचा प्लॉट विकायला निघाला, इतका लगतचा की दोन स्वयंपाकघरांत पुन्हा हात पोचेल एवढीच गल्ली राहणार.

"घर तुमचं, खिडक्या तुमच्या," सुनेत्राबाईंनी तेव्हाच सांगितलं होतं. "फक्त स्वयंपाकघराची एक माझी. तिच्यातून वाटीचा हात बाहेर गेला पाहिजे. एवढा शब्द द्या."

"दिला," जनार्दनराव म्हणाले. शब्द द्यायला काय जातं!

मग सुरू झालं खिडकीपुराण. सरकती खिडकी की बिजागरीची? आत उघडणारी की बाहेर? जनार्दनरावांनी एक तक्ता केला. वारा, पाऊस, धूळ, ऊन, आवाज, असे चौदा रकाने. सहा आठवडे ते दुकानादुकानांतून उदबत्ती घेऊन हिंडले. एका शोरूमवाल्यानं हात जोडून विनवलं, "काका, दर्शन पती गयुं, हवे घरे जाओ!" म्हणजे दर्शन आटोपलं, आता घरी जा. सरकती खिडकी पहिल्याच फेरीत बाद झाली, कारण तिच्या दोन पाखांच्या, म्हणजे झडपांच्या, मधून हवा निसटते. आत उघडणारी पडद्याला अडते. उरली बाहेर उघडणारी. वारा जितका जोरात लोटेल तितकं पाख चौकटीवर घट्ट दाबलं जातं. चौदांपैकी बारा रकान्यांत पहिली! जनार्दनरावांनी तशा बारा खिडक्या सांगून टाकल्या, दुहेरी काचेच्या.

आता चौदा रकान्यांत एक रकाना नव्हता. बडोद्यात ग्रिलशिवाय खिडकी म्हणजे कुंकवाशिवाय कपाळ, असं मानणाऱ्या पिढीतले ते. पण ग्रिलचा विजेशी संबंध नाही, म्हणून तक्त्यात ती नव्हती. ती वेगळ्या वहीत होती, 'चोर' या मथळ्याखाली. सावली गावचे दत्ताजीराव ग्रिलचं काम करत. माप घ्यायला आले तेव्हा ते डोकं खाजवत म्हणाले, "साहेब, पाख बाहेर उघडणार, आणि ग्रिलही बाहेरूनच बसवायची?"

"चोर बाहेरूनच येतो ना? मग ग्रिल बाहेरच. तुम्ही मापाचं बघा."

दत्ताजीरावांनी मापाचं बघितलं. चोराला पिळून काढता येऊ नयेत म्हणून स्क्रूची डोकीसुद्धा जनार्दनरावांनी वेल्डिंगनं वितळवून घेतली. सगळं झाल्यावर त्यांनी मोठ्या हौसेनं हॉलची खिडकी ढकलली. पाख चार बोटं उघडलं आणि ठण्णकन ग्रिलवर आपटलं. दुसरी ढकलली, ठण्ण. बाराच्या बारा ठण्ण.

त्या दिवशी जनार्दनराव जेवले नाहीत. पण माणूस हुशार असला की त्याला स्वतःला समजावायला वेळ लागत नाही. दुसऱ्या दिवशी चहा पिता पिता ते म्हणाले, "नाहीतरी खिडकी उघडायची कशाला? उघडली की गळती." संस्थेच्या फॉर्मवर शेवटचा प्रश्न होता, 'घरातील खिडक्या रोज उघडल्या जातात का?' त्याला 'नाही' असं उत्तर दिलं, तर पाचवं पान मिळत होतं. त्यांनी ठळक अक्षरांत 'नाही' लिहिलं. सुंठीवाचून खोकला गेला!

सुनेत्राबाईंनी स्वयंपाकघराची खिडकी एकदा ढकलून पाहिली. मग नुसतंच "बरं" म्हणाल्या. लग्नाला पस्तीस वर्षं झालेल्या माणसाला त्या 'बरं'चा अर्थ कळायला हवा होता. पण जनार्दनराव उदबत्ती घेऊन खिडक्यांच्या कडा तपासत होते, आणि धूर मुंगीएवढाही वाकत नव्हता.

वैशाखात वास्तुशांत ठरली. बाहेर बेचाळीस अंश. आत एसी चालू, पन्नास माणसं, मधोमध होमकुंड. संस्थेची तपासनीस सानवी मुद्दाम बोलावली होती. पूर्णाहुती झाली की तिनं सगळ्यांसमोर पाटी द्यायची, विश्वासरावांच्या डोळ्यांदेखत. ती पिशवीत पाच पानांची पाटी घेऊनच आली होती.

गुरुजींनी अग्नी पेटवला. तूप पडलं, समिधा पडल्या, तीळ पडले, आणि धूर निघाला. निघाला खरा, पण जाणार कुठे? आधी तो छताला लागला, मग खाली उतरायला लागला. विश्वासरावांनी रुमाल नाकाला लावला. कुणी दार उघडलं, पण समोरून वारं निसटायला वाट नाही म्हटल्यावर बाहेरची झळ आत शिरून धूर तसाच्या तसा परत लोटू लागली. "खिडक्या उघडा!" कुणीतरी ओरडलं. ठण्ण. ठण्ण. ठण्ण.

पाहुणे एकेक करून अंगणात गेले. यजमानांना मात्र पूर्णाहुतीपर्यंत पाटावरून उठता येत नाही. जनार्दनराव सोवळ्यात, सुनेत्राबाई शालूत, उपरण्याची पदराशी गाठ मारलेली, दोघांच्या डोळ्यांतून धारा. शेवटी गुरुजीही उठले. "यजमान, मी बाहेरून मंत्र म्हणतो. तुम्ही आहुत्या टाकत राहा." आणि ते हॉलच्या खिडकीच्या चार बोटांच्या फटीला तोंड लावून "स्वाहा! स्वाहा!" करू लागले. इतका सुरक्षित पुरोहित बडोद्यात आजवर झाला नसेल.

तेवढ्यात स्वयंपाकघराच्या काचेवर टकटक झाली. समोरच्या खिडकीतून वाकून, काठोकाठ भरलेली वाटी घेऊन रसीलाबेन उभ्या होत्या. नव्या घरातली पहिली वाटी. त्यांचे ओठ हलत होते, पण दुहेरी काचेतून आवाज येत नव्हता.

सुनेत्राबाई उठल्या. "अगं गाठ! गाठ!" म्हणत जनार्दनराव मागोमाग ओढले गेले. सुनेत्राबाईंनी पाख ढकललं. ठण्ण. चार बोटांच्या फटीतून आवाज तेवढा आला, "ल्यो सुनेत्राबेन, दूधपाक! शुकननो छे!" वाटी सरळ आत येईना, म्हणून रसीलाबेननी ती तिरकी केली. दूधपाक ग्रिलवरून ओघळत नव्या भिंतीवर गेला. शकुनाची वाटी, आणि सगळी सांडली.

"मला एकच खिडकी हवी होती," सुनेत्राबाई म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. "बारातली एक."

 जनार्दनरावांनी उघड्या दारातून अंगणात पाहिलं. दत्ताजीराव पाहुण्यांत होते, सावलीहून जीप घेऊन आलेले. कापा म्हटलं असतं तर करवत आणली असती. पण त्यांच्या शेजारीच पिशवी घेतलेली सानवी होती, आणि तिच्या शेजारी विश्वासराव. "काका," सानवीनं बाहेरूनच विचारलं, "शेवटच्या प्रश्नाचं उत्तर 'नाही'च ना? की बदलायचं?"

एक शब्द बोलायचा होता. पण जनार्दनरावांना विश्वासरावांच्या मिशीतलं हसू दिसलं, आणि ते सानवीच्या पिशवीकडे बघत राहिले. खोटं कशाला सांगू, पुरतं मिनिटभर बघत होते. मिनिटभर! त्या मिनिटात सुनेत्राबाईंनी पदराची गाठ सोडली, दारातून बाहेर पडल्या, आणि समोरच्या घराच्या खिडकीत रसीलाबेनशेजारी जाऊन उभ्या राहिल्या.

जनार्दनरावांनी वळून पाहिलं तर उपरण्याचं टोक जमिनीवर लोळत होतं.

"सपत्नीक असल्याशिवाय पूर्णाहुती नाही!" गुरुजींनी फटीतून बजावलं. "आणि अग्नी विझला तर सगळं पहिल्यापासून!"

"अगं ये ना!" जनार्दनराव काचेतून ओरडले.

 सुनेत्राबाई पदरानं डोळे पुसत होत्या, आणि आता त्यांच्याभोवती धूर नव्हता. तेव्हा कुठे जनार्दनरावांना कळलं. बावीस वर्षं ही बाई ज्या खिडकीपाशी उभी राहून हसली, रडली, तशीच एक तिनं मागितली होती, आणि ती त्यांनी एका पानासाठी बंद करून टाकली होती.

"सानवी, बदल उत्तर!" ते अंगणात धावले. "लिही, रोज उघडतात! दत्ताजीराव, करवत!"

"द्या इकडे, मी कापतो," दत्ताजीराव म्हणाले.

"नाही. मी घातली, मीच कापणार."

मग वैशाखाच्या भर दुपारी, सोवळं गुडघ्यापर्यंत खोचून, जनार्दन दिघे आपल्याच घराची ग्रिल कापत बसले. आत गुरुजींचा मदतनीस नाकाला पंचा बांधून अग्नी राखत होता. "चोर असता तर एवढ्यात पकडला गेला असता," विश्वासराव म्हणाले.  तासाभरानं शेवटचा गज तुटला. जनार्दनरावांच्या तळहाताला दोन फोड आले होते. त्यांनी पाख ओढलं, आणि ते आयुष्यात पहिल्यांदा सताड उघडलं. कोंडलेला सगळा धूर रसीलाबेनच्या स्वयंपाकघरात घुसला. त्या खोकत खोकत हसल्या. "खुली गई, जनार्दनभाई! अग्निदेव पण आवी गया!"

सुनेत्राबाई परत आल्या. गाठ पुन्हा मारली गेली, पूर्णाहुती झाली. सानवीनं पाच पानांची पाटी पिशवीत तशीच ठेवली आणि चारची पाठवून देते म्हणाली. विश्वासरावांनी पुढे होऊन हात मिळवला, फोडांवर दाबून मिळवला. पण जनार्दनरावांचं लक्ष स्वयंपाकघराकडे होतं. तिथे दुसरी वाटी आली होती, आणि वाटी रिकामी परत द्यायची नसते म्हणून सुनेत्राबाई तीत प्रसादाचा शिरा भरत होत्या.

"आज तुम्ही द्या," त्या म्हणाल्या.

जनार्दनरावांनी हात लांबवला. कोपरापर्यंत गेला, मग खांद्यापर्यंत. कुठे काही आपटलं नाही. बाहेरची गरम हवा तोंडावर आली, आणि तिच्यासोबत समोरच्या फोडणीचा वास. पलीकडून रसीलाबेननी वाटी धरली.

त्यांनी समाधानानं मागे वळून पाहिलं. सुनेत्राबाईंच्या हातात करवत होती. ती त्यांच्यापुढे धरून त्या म्हणाल्या,

"बाकीच्या अकरा कधी?"