बहियाचा हात

अंगणात मातीच्या थाळ्यांवर पावाचे गोळे उन्हात फुगत होते. ते सबाहने थापले होते, म्हणून वाकडेतिकडे. तिच्या आईच्या, बहियाच्या हातच्या पावाचं गल्लीभर नाव होतं. पण हिवाळ्यात बहियाला झटका आला, उजवं अंग लुळं पडलं, जीभ जड झाली. तेव्हापासून तो हात मांडीवर नुसता पडून होता. तो परत कणकेत पडावा, एवढंच बहियाला हवं होतं.

लांब असियूत शहरातल्या दवाखान्यात सारखं जाणं कुणाला जमणार? म्हणून दवाखान्यानेच सोय केली होती. फोनवर डॉक्टरीणबाई दिसणार, रोग्याने हात हलवून दाखवायचा, त्यांनी पाहून पुढचा व्यायाम सांगायचा. घरबसल्या उपचार! पण घरच आडवं आलं.

बहियाचा नवरा हमदान परक्यापुढे बायकोचं नावसुद्धा घेत नसे, 'घरची मंडळी' म्हणे. तिला फोनसमोर बसवायचं म्हणजे आभाळच कोसळणार.

"अहो बाबा, डॉक्टरही बाईच आहे ना!" सबाहने सांगून पाहिलं.

"आणि तिच्या मागून कोण डोकावतंय, ते तू बघून आलीस?" हज करून आलेली आजी, हज्जा फहीमा, खेकसली. "आमच्या सुनेचं नख आजवर गल्लीने पाहिलं नाही. आता असियूतला दाखवा!"

मग हमदानने शक्कल काढली. बाहेरच्या खोलीत तो स्वतःच फोनसमोर बसू लागला आणि मंडळींचा हात कुठवर जातो, ते आपला हात उचलून दाखवू लागला. डॉक्टरीणबाईंनी आधी नाही म्हटलं, मग काहीच नसण्यापेक्षा बरं म्हणून मान तुकवली. त्याही चुकल्याच. हमदानचा बायकोवर जीव होता, हीच खरी चीड आणणारी गोष्ट. तिला गुण येत नाही हे सांगवेना, म्हणून त्याचा हात दर वेळी थोडा वर जाई. तिकडे बाई खूश होऊन अवघड व्यायाम देत. इकडे आतल्या खोलीत बहियाची बोटं तळहातात मिटत चालली होती. ती अडखळत सांगू बघे, तर तो म्हणे, "होईल गं, अल्ला करेल."

आजही हमदानने हात खांद्याच्या वर नेला आणि फोनमधून आवाज आला, "वा, छान सुधारणा! आता त्यांना पाण्याची भरलेली बाटली उचलायला द्या."

बहियाच्या अंगाचा तिळपापड झाला. तिला चमचा धरवत नव्हता, आणि शाबासकी कुणाला मिळत होती? तिने डाव्या हाताने सबाहला खूण केली. लेकीने खांदा दिला. पाय ओढत दोघी बाहेरच्या खोलीत आल्या.

"अगं, डोकं फिरलंय का? आत हो!" हज्जाने आपली शाल फोनवर टाकली. बहियाने डाव्या हाताने ती ओढून जमिनीवर फेकली आणि मिटलेली मूठ फोनपुढे धरली.

"या कोण?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"ब... बहिया," ती म्हणाली.

डॉक्टरीणबाई पुढे झुकल्या. "हमदानभाऊ, ही बोटं आधी उघडायला हवी होती. बाटली कसली देत बसले मी! आता किती उघडतील, सांगता येत नाही. पूर्वीसारखा हात होईल, अशी आशा ठेवू नका." मग त्या बहियाला म्हणाल्या, "पुढच्या वेळी तुम्हीच बसायचं."

"आणि गल्ली काय म्हणेल?" हज्जा पुटपुटली. दारं लावून जपलेल्या या अब्रूने एका बाईचा हात खाल्ला होता, आणि गल्लीला त्याचा पत्ताही नव्हता.

हमदानचा हात अजून तसाच वर होता. खाली घ्यायचं भान त्याला राहिलं नव्हतं.

बहिया त्याच्या जागेवर बसली. "घ्या... खाली," ती म्हणाली. "तुमच्या हाताला... काय धाड भरलीय?"