दोन डॉक्टर, एक पत्ता

भावोजींना एकच वाईट खोड. लग्नाला इतकी वर्षं झाली, तरी ते 'मी' म्हणत नाहीत, 'आम्ही' म्हणतात. माझी ताई जनावरांची डॉक्टर, भावोजी दातांचे. एकाच इमारतीत शेजारशेजारी दोन दारं आणि दोघांची मिळून एक वेबसाइट. ती बनवायचं काम माझ्या गळ्यात पडलं. घरची मेहुणी फुकट राबायलाच जन्माला येते.

वेबसाइटवर माणसांना दिसतं त्याच्यामागे यंत्रांसाठी लपलेली माहिती असते: ही कोण, काय करते, हिचा नवरा कोण. त्यात प्रत्येकाला स्वतःचा एक पत्ता द्यावा लागतो, घराचा नव्हे, इंटरनेटवरचा. त्यावरून यंत्र माणूस ओळखतं. मी दोन पत्ते लिहायला घेतले, तर भावोजी म्हणाले, "दोन कशाला? आम्ही काय वेगळे आहोत? एकच टाक!"

ताई तेव्हा एका बोकडाला टाके घालत होती. तिला कोणी विचारलंच नाही. वाद नको म्हणून मीही एकच टाकला.

यंत्राला लाडिकपणा कळत नाही. त्याला सांगितलं ते त्याने खरं मानलं. थोड्याच दिवसांत ताईचं नाव शोधलं की भावोजींचा फोटो यायला लागला. खाली लिहिलेलं: 'दंतवैद्य. घोडे, गाई, मांजरी. जोडीदार: स्वतः.'

एक आजीबाई मांजर मांडीवर घेऊन भावोजींच्या खुर्चीत बसल्या. भावोजी सवयीने म्हणाले, "आ करा." मांजराने आ केला आणि भावोजींचं बोट धरलं. एवढ्यावर भागलं असतं, तर मी हसून सोडून दिलं असतं.

पण ताईने एका घोडीच्या आतड्याचा पीळ सोडवून तिला वाचवलं आणि अभिनंदनाचे फोन भावोजींना! वर तोंड करून हे म्हणतात, "आमचंच काम हो!" माझं डोकंच फिरलं. त्यात घोडीच्या मालकांचा निरोप आला. घोडीला त्यांच्या नोकराने आणलं होतं, मालकांनी ताईला कधी पाहिलंच नव्हतं. त्यांना तबेल्यासाठी कायमचा डॉक्टर नेमायचा होता. ताई कधीपासून त्या कामावर डोळे लावून बसली होती. निरोप असा: "नाव शोधलं तर दाढा दिसल्या. आम्ही दुसरीकडे बघतो."

ताई रडली नाही. हातमोजे काढत म्हणाली, "मला माझा पत्ता दे." आणि मालकांना उलट निरोप धाडला, "एकदा स्वतः येऊन बघा."

मी लगेच दोन पत्ते केले. भावोजींच्या माहितीत 'जोडीदार' पुढे ताईचा पत्ता घातला. आधी तो चुकून साधा मजकूर म्हणून लिहिला. यंत्राला नुसती अक्षरं दिसली, बायको दिसेना. मग नीट दुवा, म्हणजे लिंक, म्हणून दिला. तसाच ताईकडून टाकायला गेले, तर ती म्हणाली, "थांब. माझ्याकडून मी सांगेन तेव्हा."

"म्हणजे यंत्राच्या लेखी माझं लग्न झालंय आणि हिचं नाही?" भावोजी हबकले.

"तुमच्याकडचं तुम्ही सांगितलंत," मी म्हटलं. "तिच्याकडचं ती सांगेल."

दुसऱ्या दिवशी मी भावोजींकडे नवे फोटो काढत होते, तेवढ्यात तबेल्याचे मालक चुकून त्याच दारातून आत आले. हात पुढे करून म्हणाले, "आमच्या घोडीला तुम्हीच वाचवलंत ना?"

भावोजींच्या ओठांवर 'आम्ही' आलेलं मला दिसलं. त्यांनी ते गिळलं.

"मी नाही. त्या डॉक्टर शेजारच्या दारात. मी नुसता त्यांचा नवरा."

मला त्यांचा चक्क अभिमान वाटला. भिंत पातळ आहे. पलीकडे ताईची चाललेली खुडबुड थांबली.

थोड्या वेळाने तिचा मेसेज आला: 'काम मिळालं. आता माझ्याकडूनही दुवा टाक. आणि ह्यांना म्हणावं, मालकांसाठी चहा घेऊन या.'