टेकडी पुसण्याआधी

आमच्या हवामान कार्यालयातल्या रडारच्या पडद्यावर गावामागची टेकडी कायम दिसायची. पावसासारखाच ठिपक्यांचा पुंजका. आम्ही तिला सासू म्हणायचो; हलत नाही, जात नाही, मनावर घ्यायचं नाही. दर पंधरा मिनिटांनी पडदा पाहून नकाशा काढायचा आणि आधी सासू खोडरबराने पुसायची, ही आमची रीत. नव्या माणसाला पहिल्या दिवशी तेवढंच शिकवत.

त्या दिवशी पाऊण वाजता ताईचा फोन आला. ती शाळेत शिकवायची. मुलींना सहलीला टेकडीखालच्या ओढ्याकाठी न्यायचं होतं.

"काय गं हवामानबाई, निघू का? इथे सव्वीस जणी दाराशी ठाण मांडून बसल्यात."

"जा बिनधास्त. टोप्या मात्र घाल त्यांना, ऊन आहे."

"तुझ्या भरवशावर निघतेय हं!"

एक वाजता उपग्रहाचं छायाचित्र आलं. टेकडीवर पांढराशुभ्र ठिपका होता. मी तो पाहिला. मग माझा नकाशा पाहिला. तिथे काहीच नव्हतं. कसं असणार? सासूबरोबर मीच पुसलं होतं. ढग नेमका टेकडीवर वाढत होता आणि जागचा हलत नव्हता. छायाचित्र मी फाइलीत लावलं आणि डबा उघडला.

दोन वाजून वीस मिनिटांनी ओढ्याला लोंढा आला. ताईने पंचवीस मुली ओढून काढल्या. शेवटच्या बाकावर बसणारी राहिली.

चौकशीत लिहिलं गेलं, आधी कळणं अशक्य होतं. मी मान खाली घालून सही केली. त्या ठिपक्याबद्दल कुणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. ताईलाही नाही. चौतीस वर्षं.

गेल्या महिन्यात माझ्या जुन्या कार्यालयातल्या नव्या अधिकारी मुलीने मला बोलावलं. त्यांनी संगणकावर नवी पद्धत बसवली आहे. उपग्रहावरून ढगाच्या माथ्याचं तापमान कळतं. माथा जितका थंड, तितका ढग उंच. आता रडारवरची टेकडी पुसण्याआधी संगणक तिच्यावरच्या ढगाचा माथा तपासतो. पुढच्या दोन तासांचा अंदाज त्यावरून देतात. चाचणीसाठी त्यांना जुने दिवस हवे होते. पडद्याची लोंढ्याच्या दिवसाची छायाचित्रं आम्ही जपून ठेवली होती, म्हणून तिने नेमका तोच दिवस घेतला.

"बघा ना मॅडम," ती हरखून म्हणाली, "एक वाजून दहा मिनिटांनीच इशारा येतोय! सत्तर मिनिटं आधी!"

मी तिचं कौतुक केलं. कामच तसं होतं. मग जिना उतरले.

तडक ताईकडे गेले. ती खिडकीशी मटार सोलत होती. मी सगळं सांगितलं. ठिपका, खोडरबर, डबासुद्धा.

"म्हणजे वेळ होता," ती म्हणाली.

"होता. शाळेत फोन केला असता, तर शिपायाने सायकलवरून येऊन तुला गाठलं असतं."

ती मटार सोलत राहिली. दाणे सालांच्या ढिगात पडत होते, तिच्या लक्षात येत नव्हतं.

"तू मला कधी बोल लावला नाहीस," मी म्हटलं.

"कशाबद्दल लावणार? मला ठाऊकच कुठे होतं?" तिने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "दर वर्षी त्या तारखेला मी त्या मुलीच्या आईकडे जाते. ती दर वर्षी एकच विचारते, बाई, कुणालाच कळलं नसतं का हो? आणि मी छातीठोकपणे सांगते, कुणालाच नाही. माझी धाकटी बहीण तिथेच कामाला होती, तिलासुद्धा नाही."

तिने हातातली शेंग ताटात ठेवली.

"ती पंच्याऐंशीची आहे आता. तेवढ्यावर जगतेय."

"मग नको सांगायला," मी म्हटलं, आणि माझा आवाज मलाच ओशाळवाणा वाटला.

ताईने ताट बाजूला सारलं. गुडघ्यावर हात टेकून उठली, पदर नीट केला.

"तीन गल्ल्या पलीकडे राहते. चप्पल घाल," ती म्हणाली. "या वेळी तिने विचारलं की मी गप्प बसणार आहे. उत्तर तू द्यायचंस."