बटणांचा डबा

"अक्षरी लिहून आणलंय, काका. डॉक्टरांच्या डोक्यावर उभा राहून लिहून घेतलंय. आता तरी द्या."

शिंप्याने चिठ्ठी रुग्णालयाच्या औषधांच्या खिडकीच्या फटीतून आत सरकवली. मास्तरांनी चष्मा कपाळावरून नाकावर घेतला आणि चिठ्ठी वाचली. पेशंटचं नाव, वय, पत्ता, गोळीची ताकद, गोळ्यांची संख्या आकड्यात, तीच संख्या अक्षरात, तारीख, सही, शिक्का. कुठे नाव ठेवायला जागा नव्हती. चिठ्ठीत एखादी चूक असती तर बरं झालं असतं, असं त्यांना एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच वाटलं.

"चिठ्ठी बरोबर आहे," ते म्हणाले, "पण कपाट रिकामं आहे. उद्या गाडी येईल."

"कालही उद्याच म्हणाला होता."

"काल वाटलं होतं, आज येईल."

शिंप्याने चिठ्ठी परत घेऊन तिची घडी केली. भांडायला आलेला माणूस होता, पण भांडण त्याच्या अंगात नव्हतं. "म्हातारी पहाटेपासून नखांनी भिंत खरवडतेय," तो हळू म्हणाला. "शेजारचे विचारतात, उंदीर झालेत का म्हणून." आणि तो समोरच्या बाकावर जाऊन बसला. घरी जायचं त्याच्या जिवावर आलं होतं.

मॉर्फिनची चिठ्ठी आकड्यात आणि अक्षरात अशी दोनदा लिहावी लागते. आकड्यापुढे कोणी एक शून्य वाढवलं तर अक्षर त्याला खोटं पाडतं. एवढ्या एका कारणासाठी मास्तरांनी आजवर किती जणांना जिना चढून पुन्हा डॉक्टरांकडे पाठवलं होतं, याची गणती नव्हती. त्यामुळे रुग्णालयात त्यांना सगळे 'अक्षरी मास्तर' म्हणत. वॉर्डबॉय तर सांगत, मास्तर चहासुद्धा 'एक कप, अक्षरी एक कप फक्त' असा मागवतात. ही थट्टा मास्तरांच्या कानावर आलेली होती. घरी जाऊन त्यांनी ती बायकोला स्वतःच सांगितली होती, आणि ती इतकी हसली होती की तिला ठसका लागला होता. तेव्हा ती आजारी नव्हती.

खिडकीच्या आत, मास्तरांच्या पाठीमागच्या टेबलावर आता तिचा बटणांचा डबा होता.

झालं होतं असं. सकाळी निघताना शर्टाचं वरचं बटण तुटलं. ती गेल्याला महिना होत आला होता, आणि लेक अजून सासरी परतली नव्हती. लेक म्हणाली, "थांबा बाबा, आईच्या डब्यात असेल," आणि तिने माळ्याखालच्या फळीवरून पत्र्याचा छोटा गोल डबा काढला. झाकण घट्ट बसलं होतं. ते निघालं तेव्हा वरच्या थरात नुसती बटणं होती आणि खाली बटणांत मिसळलेल्या गोळ्या. सुट्या, पाकिटातून काढलेल्या.

लेक खालीच बसली. "बाबा, आई म्हणाली होती मला. शेवटी शेवटी. म्हणाली, बटणांचा डबा बाबांना दे. म्हणावं, कपाटात टाका, म्हणजे खिडकीवरून कुणी परत जायला नको. मला वाटलं, भ्रमात बोलतेय. बटणं कशाला कपाटात टाकायची? मी हो हो म्हटलं आणि विसरून गेले."

मास्तरांनी एक गोळी तळहातावर घेतली. ती ओळखायला त्यांना चष्म्याची गरज नव्हती.

त्या भागात मॉर्फिन ठेवायची परवानगी त्यांच्याच रुग्णालयाला होती, त्यामुळे तिच्या गोळ्याही त्याच कपाटातून यायच्या. पण घरच्या माणसाला स्वतःच्या हाताने औषध द्यायचं नाही, असा त्यांचा दंडक होता. कपाटाला दोन कुलपं होती. एक किल्ली मास्तरांकडे असायची, दुसरी मोठ्या सिस्टरांकडे. बायकोच्या गोळ्या घ्यायच्या दिवशी मास्तर आपली किल्ली टेबलावर ठेवायचे, दारातून बाहेर यायचे, वळसा घालून खिडकीसमोर रांगेत उभे राहायचे. आत सिस्टर आणि दुसरा फार्मासिस्ट. मोठ्या सिस्टर तोंडाळ होत्या. "बोला, पेशंट तुमची कोण?" असं त्या गंभीर चेहऱ्याने विचारायच्या. मास्तर तितक्याच गंभीरपणे "पत्नी" म्हणून सांगायचे आणि रिकामी पाकिटं पुढे करायचे. जुनी रिकामी पाकिटं परत आल्याशिवाय नवीन मिळत नसत, आणि मास्तरांचं एकही पाकीट कधी राहिलं नाही.

तिनेच ती सांभाळून ठेवलेली असत. पाकीट रिकामं झालं म्हणजे गोळी पोटात गेली, असं ते धरून चालणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं. चाळीस वर्षं ती त्यांच्यासोबत राहिली होती.

"दुपारची घेतलीस का?" संध्याकाळी ते चप्पल काढता काढता विचारायचे.

"घेतली हो, मास्तर. अक्षरी घेतली."

आणि सकाळी तीच त्यांना घालवायची. "अहो, निघा आता. खिडकीवर माणसं उभी असतील. माझं काय, मी झोपते. जाताना दार ओढून घ्या."

कधीतरी जेवताना तिने विचारलं होतं, "कपाट रिकामं झालं की काय करता हो?" मास्तर म्हणाले होते, "काय करणार? नाही म्हणतो. आज एक ड्रायव्हर परत गेला. बायकोसाठी आला होता. काही बोलला नाही, नमस्कार करून गेला." तिने वाटी बाजूला ठेवली. मग म्हणाली, "आणि पेशंट गेला, गोळ्या उरल्या, तर?" "घरचे परत आणून देतात. तसा नियमच आहे." "बरं आहे मग," ती म्हणाली.

परत आलेल्या गोळ्यांचं पुढे काय होतं, ते मास्तरांनी तिला सांगितलं नव्हतं. अंथरुणाला खिळलेल्या माणसापुढे तो विषय कशाला, म्हणून त्यांनी पाण्याचा पेला उचलला होता.

परत आलेली गोळी दुसऱ्या पेशंटला कधीच देत नाहीत. ती साक्षीदारासमोर मोजतात आणि नष्ट करतात.

"मास्तर," मोठ्या सिस्टर पाठीमागून म्हणाल्या. साक्षीसाठी मास्तरांनीच त्यांना बोलावून घेतलं होतं. डब्याची हकीकत ऐकून त्यांची बडबड पार आटली होती. आता त्या खिडकीबाहेरच्या बाकाकडे बघत होत्या. "मी जरा वॉर्डात जाऊन येते."

"आत्ता?"

"हो, आत्ताच. डब्यात किती आहेत, ते काही मी अजून मोजलेलं नाही."

मास्तरांना समजायला क्षणभर लागला. मग त्यांचा चेहरा कानापर्यंत लाल झाला.

"ती बिचारी कशासाठी सोसत राहिली मग?" सिस्टर दबक्या आवाजात म्हणाल्या. "कुणी परत जाऊ नये म्हणूनच ना? आणि बाहेर बसलाय एकजण. एका रात्रीचा तर प्रश्न आहे. कोण विचारणार आहे?"

मास्तरांनी डबा पांढऱ्या ट्रेवर पालथा केला. पातळ पात्याने गोळ्या एकीकडे, बटणं एकीकडे अशी सरकवू लागले. दोन गोळ्या बटणांकडे गेल्या, त्या त्यांनी परत आणल्या.

"सिस्टर, ती आधी कमी ताकदीची घेत होती, नंतर जास्त ताकदीची," ते म्हणाले. "दोन्ही इथे मिसळल्यात. बटणांवर घासून रंग गेलाय, छाप पुसलाय. ही कुठली आणि ती कुठली, मला वाटतं मी सांगू शकेन. मला वाटतं. उद्या ती म्हातारी झोपेतून उठली नाही, तर शिंप्याला काय सांगू? मला वाटलं होतं म्हणून?"

"आणि नाही दिली तर? ती भिंत खरवडत राहील ते?"

मास्तरांनी ट्रे सिस्टरांपुढे सरकवला.

"मोजा," ते म्हणाले.

सिस्टरांनी मोजल्या. ॲप्रनच्या टोकाने डोळे पुसले आणि पुन्हा एकदा मोजल्या. "सत्तेचाळीस."

मास्तरांनी आकडा लिहिला. पुढे अक्षरी लिहिताना पेन अडलं. सत्तेचाळीस दुपारी गोळीविना. ते इथे खिडकीत बसून लोकांच्या चिठ्ठ्या तपासत होते तेव्हा. त्यांनी अक्षर पुरं केलं. दोघांनी सह्या केल्या.

मग त्यांनी खल पुढे ओढला. सिस्टर म्हणाल्या, "द्या इकडे, मी कुटते." मास्तरांनी नाही म्हणून मान हलवली. कुटताना आवाज होऊ नये म्हणून ते बत्ता दाबून फिरवत होते. भुकटी झाली. तिच्यात पाणी घातलं, कुणी पुन्हा वापरू नये म्हणून चहाचा चोथा घातला, कालवलं. राखाडी रंगाचा गोळा झाला. पिशवीत घालून तिचं तोंड बांधलं. इतकी वर्षं हे काम ते करत आले होते, पण पिशवी बांधल्यावर तिच्यावर हात ठेवून कधी उभे राहिले नव्हते.

बटणं त्यांनी ओंजळीने परत डब्यात टाकली, डबा खिशात घातला, शहरात एक फोन केला आणि ते दारातून बाहेर आले. शिंपी बाकावरून उठला.

"ऐक," मास्तर म्हणाले. "शहरातल्या मोठ्या रुग्णालयात मी फोन केलाय. त्यांच्याकडे आहेत. हीच मूळ चिठ्ठी चालेल, आणि तुझं ओळखपत्र लागेल. बस पकडलीस तर दिवेलागणीपर्यंत परत येशील."

"तुम्हीच कुणाला तरी पाठवा ना, काका. तिला एवढा वेळ एकटीला टाकून कसा जाऊ? बायको माहेरी, बाळंतपणाला."

"दुसऱ्या कुणाच्या हातात देणार नाहीत. मी गेलो तरी देणार नाहीत. तसा..." 'नियम' हा शब्द त्यांच्या तोंडातून बाहेर पडेना. ते खाली बघून म्हणाले, "तू जा. तिच्याजवळ मी बसतो."

"तुम्ही?"

"सुट्टी टाकतो अर्धा दिवस. खिडकीवर दुसरे आहेत."

आत सिस्टरांनी नुसत्या भुवया उंचावल्या. बायको अंथरुणावर असतानाही मास्तरांनी अर्धा दिवस कधी टाकला नव्हता. तीच टाकू देत नव्हती.

शिंप्याने त्यांच्याकडे बघितलं. गरीब माणूस संशयाने बघतो तसं आधी, मग वेगळं. "काका, तुमचं वरचं बटण गेलंय," तो म्हणाला. "आल्यावर लावून देतो."

शिंप्याचं घर म्हणजे दोन खोल्या होत्या. पुढच्या खोलीत शिवणयंत्र आणि दोरीवर बाह्या न लावलेले शर्ट. मागच्या खोलीत खाट, खाटेवर म्हातारी. भिंतीचा रंग उशाच्या बाजूला हातभर निघालेला. शिंपी आईच्या कानाशी काहीतरी बोलला आणि पळतच बाहेर पडला.

मास्तर स्टुलावर बसले. आजाऱ्याजवळ बसायचं म्हणजे काय करायचं, त्यांना माहीत नव्हतं.

"तुम्ही कपाटवाले ना?" म्हातारीने विचारलं.

"हो."

"माझ्या पोराला परत पाठवता ते?"

"हो. मीच."

म्हातारी हसली. हसणं मध्येच मोडलं आणि तिने चादरीची कड मुठीत धरली. मूठ पांढरी पडली. पण तोंडातून आवाज आला नाही. कळ ओसरल्यावर ती, पाहुणा घरी आल्यावर बोलतात तशा आवाजात म्हणाली, "पाणी घ्या. माठ तिकडे आहे. घरी कोण कोण असतं तुमच्या?"

"लेक आलीय. बायको गेली, महिना होईल."

"काय झालं होतं?"

"हेच."

म्हातारीने मान वळवून त्यांच्याकडे नीट बघितलं. "मग तुम्हाला ठाऊक आहे सगळं."

"नाही," मास्तर म्हणाले. "मी दिवसा घरी नसायचो."

बाहेर रस्त्यावरून एक हातगाडी खडखडत गेली. म्हातारीच्या कपाळावर घाम जमत होता. मास्तरांनी उठून ओला रुमाल ठेवला, तेव्हा ती "राहू द्या, राहू द्या" म्हणाली. पुन्हा कळ आली. तिने ओठ आत घेतले, डोळे मिटले, पायाची बोटं वळली. खोलीत आवाज मात्र नव्हता. खिशातल्या डब्यावर मास्तरांचा हात गेला आणि आत बटणं हलली.

"भाऊ," म्हातारी डोळे न उघडता म्हणाली, "एक सांगू? राग मानू नका."

"सांगा."

"जरा बाहेर जाऊन उभे राहता का? तुम्ही भले माणूस आहात, पण कुणी समोर असलं की मला कण्हता येत नाही."

मास्तर स्टुलावर तसेच बसून राहिले. म्हातारीला वाटलं, त्यांना वाईट वाटलं. ती घाईने म्हणाली, "थोडाच वेळ. मग या परत. आणि जाताना दार ओढून घ्या."

ते उठले. पुढच्या खोलीतून, लोंबणाऱ्या शर्टांच्या मधून वाट काढत बाहेर आले आणि त्यांनी दार ओढून घेतलं. पायरीवर ऊन होतं. आतून आवाज येऊ लागला, आधी दबकत, मग मोकळा. मास्तर दाराकडे पाठ करून, उघड्या गळ्याशी एका हाताने शर्ट धरून, तिथेच उभे राहिले.