ओट्टोचं नाव माझ्या हातून गेलं

मी सर्व्हर बोलतोय. तोंड वर करून बोलावं असं माझ्याकडे काही नाही, तरी बोलतोय. पोटात ठेवून ठेवून जड झालंय.

फिनलंडमधल्या कायानी गावाबाहेर कागदाची एक बंद पडलेली गिरणी आहे. तिच्या थंड हॉलमध्ये माझ्यासारखी काळी कपाटं रांगेने उभी आहेत, त्यातलं एक मी. एका छोट्या कंपनीने माझ्यात इंटरनेटवरच्या खेळाचं एक जग वसवलं आणि त्याला सुवान्तो नाव दिलं. तळी, जंगलं, लाकडी घरं, मासेमारी आणि अधूनमधून एखादा राक्षस. माझे लोक राक्षसाच्या फार वाटेला जात नसत. तळ्याकाठी घर बांधायचं, शनिवारी संध्याकाळी तिथली सौना, म्हणजे वाफेची खोली, तापवायची आणि बाकावर गप्प बसायचं, हाच त्यांचा खेळ. तासाभरात कुणी एक वाक्य टाईप केलं तर तो बडबड्या ठरे.

उर्पो हेइस्कानेन त्यांच्यातलाच. खऱ्या आयुष्यात तो तळ्यावरची फेरीबोट चालवतो, गाड्या इकडून तिकडे नेतो. माझ्यात त्याचं नाव ओट्टो. हे नाव त्याच्या मुलीने, योन्नाने, लहानपणी घरच्या मांजरावरून ठेवलं होतं. दोघं बापलेक एकाच टेबलाशी बसून खेळायचे. पुढे उर्पोने तळ्याकाठची खरी झोपडी पोरीला न विचारता विकून टाकली. तिचं सगळं बालपण त्या झोपडीत गेलेलं. ती चिडली, स्वीडनला निघून गेली, फोनचा नंबरही बदलला. जाताना माझ्यातून एवढंच लिहून गेली, "राग गेला तर ओट्टोला हाक मारीन."

झालं, बाप त्या एका वाक्यावर बसून राहिला. त्याने माझ्यात अगदी तशीच झोपडी बांधली आणि दर शनिवारी तिथल्या बाकावर येऊन बसू लागला. बसायचा आणि वाट बघायचा.

हळूहळू मी ओस पडलो. कंपनीने माझ्या नावापुढे 'गर्दी कमी' अशी पाटी लावली. गावात सगळ्यांदेखत कपडे फाटावेत तसं वाटायचं मला. मग विलीनीकरण ठरलं. विंटरबी नावाचं एक स्वीडिश जग होतं, त्याचे लोक माझ्यात ओतायचे. मी खूश झालो हो, खोटं कशाला बोलू! घर भरणार म्हणून मी हुरळून गेलो.

आता दोन गावं एक केली की एका नावाचे दोघं निघणारच. कंपनीने तोडगा काढला. 'हे नाव माझंच' असं एक बटण दिलं. जो आधी दाबेल त्याचं नाव टिकेल, दुसऱ्याने नवं शोधावं. विंटरबीवाल्यांनी दिसल्या दिसल्या दाबलं. आणि माझे लोक? बसच्या रांगेतसुद्धा चार हात लांब उभी राहणारी माणसं ती. आपलंच घोडं पुढे दामटणं त्यांना जमेना. त्यांची म्होरकी हेल्का शाळेत स्वयंपाक करते. ती म्हणाली, "नावासाठी कशाला धक्काबुक्की? ज्याला जास्त गरज असेल तो घेईल." सगळ्यांनी माना डोलावल्या. उर्पोचं बोट दोनदा बटणापर्यंत गेलं, मी पाहिलं. दोन्ही वेळा त्याने मागे घेतलं. सर्वात जास्त गरज त्यालाच होती, पण ते चारचौघांत सांगायचं कसं?

ठरल्या दिवशी मी कामाला लागलो. हो, मीच. ओट्टो हे नाव मी उर्पोच्या डोक्यावरून काढलं आणि स्वीडनमधल्या माल्मो शहरातल्या एका दातांच्या डॉक्टराला दिलं. जी खाती कित्येक वर्षं उघडली नव्हती त्यांची नावं न विचारताच बदलली. त्यात योन्नाही होती. तिला मी 'प्रवासी' केलं आणि मागे आकड्यांची माळ लावली.

उर्पोने नवं नाव घेतलं, 'कुणीतरी'. विंटरबीचे टवाळ त्याच्या झोपडीत यायचे आणि म्हणायचे, "काय कुणीतरी, ओट्टो कुठं हरवला?" तो आपल्याच घरात पाहुण्यासारखा बाकाच्या टोकाला बसायचा.

आणि एका शनिवारी योन्ना आली.

तिने आधी ओट्टोला हाक मारली. लिहिलं, की मी आलेय, राग गेलाय. दातांच्या डॉक्टराने कळवलं, की बाई, चुकलात, मी कुणाचा कुणी नाही. बापाने झिडकारलं की नाव दुसऱ्याचं झालं, तिला काही कळेना. मग ती चालत तळ्याकाठी आली, आपल्या जुन्या झोपडीसारखीच झोपडी पाहून आत शिरली आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली.

दोघांची जुनी नावं माझ्या पोटात होती. मला सगळं ठाऊक होतं. पण खेळात बोलायला मला तोंड दिलेलं नाही.

तिने विचारलं, "ही झोपडी ओट्टोनेच बांधलेली असणार. तुम्ही ओळखता त्याला?"

उर्पोला वाटलं, आला आणखी एक टवाळ. त्याने लिहिलं, "होता. आता नाही."

ती मग म्हणाली, "फार त्रास झाला का त्याला?"

"झाला थोडा."

"तो माझा बाप होता."

उर्पो टाईप करू लागला. लिहायचा, खोडायचा. त्याचं प्रत्येक खोडलेलं अक्षर माझ्यातून जात होतं. अरे बाबा, पाठव! ती उठली, दाराशी गेली. तेव्हा कुठे ओळ आली.

"योन्ना, मीच तो."

ती दारातच उभी राहिली. "बाबा? मग नाही कशाला म्हणालास?"

"लाज वाटली गं. तू ठेवलेलं नाव मला सांभाळता आलं नाही."

ती परत आली आणि या वेळी त्याला लागून बसली. मग दोघं गप्प. त्यांच्यात हेच भरपूर बोलणं असतं.

लोक म्हणतील, शेवट गोड झाला. झाला, पण त्यात माझं काही कर्तृत्व नाही. ती आणखी चार पावलं चालली असती तर बाप मेला असं समजून जन्मभर रडली असती, आणि ते माझ्या हातून झालं असतं. आणखी किती जण असे कुणालातरी हाक मारून परत गेले, हे मी मोजायला धजत नाही.

आता मलाही एका मोठ्या जगात मिसळणार आहेत. माझं नाव जाईल, जाऊ दे. पण बाबांनो, माणसाचं नाव काढून घेण्याआधी एवढं तरी विचारा, की या नावाने याला कोण हाक मारणार आहे. मला कुणी विचारायला सांगितलं नव्हतं. आणि मीही विचारलं नाही.